प्रसादाला पथ्य नसतं

प्रमोदिनी माहेरी आली की दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातून एक फेरी मारायची, हा तिचा लग्नापासूनचा शिरस्ता होता. डबे उघडून बघायचे, लोणच्याच्या बरण्यांच्या तोंडावरचे दादरे वर करून वास घ्यायचा, आणि मग "चालू द्या तुमचं" म्हणत तिथंच ठाण मांडायचं. संक्रांत चार दिवसांवर आली होती, पण या खेपेला ती संक्रांतीसाठी आलेली नव्हती. वडिलांच्या पायाचं पत्र मिळालं आणि तिनं नागपूरहून गाडी धरली. हे प्रकरण आपल्यावाचून निभायचं नाही अशी तिची खात्री होती. अशी खात्री तिला बहुतेक सगळ्याच प्रकरणांत असे.

दाराशी राधाबाई वाती वळत बसल्या होत्या. लेक आणि सून एका शेगडीपाशी उभ्या असल्या की आईनं वाती वळाव्यात, हे शहाणपण त्यांना उशिरा सुचलं होतं, पण सुचलं होतं.

शेगडीसमोर विनता होती, प्रमोदिनीच्या भावाची, अच्युतची बायको. तिनं सहा पेरू सोलून घेतले होते. पेरूला त्या घरात जामच म्हणत. कच्चेही नाहीत नि मऊ पडलेलेही नाहीत असे ती निवडून आणायची, चार-चार फोडी करायची, बियांचा गर चमच्यानं कोरून काढायची. पातेल्यात पाणी, त्यात दालचिनीचा एक तुकडा, चार लवंगा, ठेचलेली सुंठ. पाण्याला उकळी आली तसे तिनं चिमट्यानं निखारे बाजूला ओढले आणि मगच फोडी सोडल्या.

"विस्तव काहून काढला?" प्रमोदिनीनं विचारलं.

"खळखळ उकळलं की फोडी फुटतात, ताई. पाणी नुसतं हललं पाहिजे."

"बरं. आणि साखर कधी घालतेस?"

"नाही घालत."

"गूळ?"

"तोही नाही. फळाचा आपला गोडवा असतो तेवढाच, असं डॉक्टर म्हणाले."

"मग बाबा खातात तरी कसे हे?"

"तोंड वाकडं करून," कोपऱ्यात भाजी निवडणारी कुंदा म्हणाली. कुंदा घरातलं शेंडेफळ, मुलींच्या शाळेत मॅट्रिकच्या वर्गात होती. "पण सच्ची सांगते ताई, बुरा नाही लागत. मी रोज वहिनीबरोबर एक वाटी खाते. लवंगेचा वास मस्त येतो."

अर्ध्या तासानं फोडींवर फिका गुलाबी रंग चढला, पाणी आटून पातळ रसासारखं झालं. प्रमोदिनीनं पळीतून हातावर घेऊन चाखलं.

"औषध म्हणावं की फळ म्हणावं?" प्रमोदिनी म्हणाली. "आई, तू हे चालू दिलंस?"

राधाबाईंनी वात आणखी बारीक वळली. "डॉक्टरांनी सांगितलं बाप्पा. मी काय सांगू त्यात?"

डॉक्टरांनी सांगितलं होतं ते खरं. दिवाळीत नवा बूट प्रमोदिनीच्या वडिलांच्या, भय्यासाहेबांच्या, उजव्या पायाच्या अंगठ्याला चावला आणि ती जखम भरेचना. डॉक्टर घोषालांनी अंगठा सोडून लघवी तपासली आणि मधुमेह आहे म्हणून सांगितलं. सुईचं औषध जनावराच्या अंगातून काढतात हे कळल्यावर भय्यासाहेबांनी ते साफ नाकारलं, तेव्हा उरलं होतं नुसतं पथ्य. साखर बंद, भात बंद, बटाटा बंद. ते पथ्य विनतेनं अंगावर घेतलं, साखरेचा डबा कुलपात घातला, आणि दीड महिना एका माणसाचं ताट वेगळं वाढलं. तरी दर सोमवारी तपासणी व्हायची आणि दर सोमवारी नळी लाल, म्हणजे साखर दाखवणारी, यायची. मागच्या सोमवारी डॉक्टर भय्यासाहेबांना स्पष्टच म्हणाले होते, "शिरस्तेदार साहब, अब की बार भी लाल निकला तो गुरुवार को अंगूठा निकालना पड़ेगा. आज अंगूठा देंगे, नहीं तो होली तक पूरा पैर जाएगा."

आज सोमवार होता.

आता एक गोष्ट इथंच सांगायला हवी, कारण ती घरात दोघांवाचून कोणाला ठाऊक नव्हती.

भय्यासाहेब तीस वर्षं सिविल लाइन्समधल्या कचेरीत होते. त्या तीस वर्षांत ते देवघरात किती वेळा आले हे राधाबाईंना बोटांवर मोजता आलं असतं. गणपतीत आरतीला उभे राहात, तेही घड्याळ बघत. "देव तुझा, कचेरी माझी," म्हणत. पेन्शन झाली तरी ही वाटणी तशीच राहिली. आणि मार्गशीर्ष लागला, साखरेच्या डब्याला कुलूप लागून पाच-सहा दिवस झाले असतील, तेव्हा एका सकाळी ते काठी टेकत देवघरात आले आणि पाटावर बसले. राधाबाईंनी तीर्थ दिलं, हातावर नैवेद्याची खडीसाखर ठेवली. ती त्यांनी डोळे मिटून चघळली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "देव फार काटकसरी झाला गं तुझा." चौथ्या दिवशी राधाबाईंनी गवळ्याकरवी बडा फुहाऱ्यावरच्या हलवायाकडून पेढे मागवले.

प्रसादाला पथ्य नसतं, हे त्या लहानपणापासून ऐकत आल्या होत्या. सोवळ्यातल्या बायका परक्या घरचं पाणी पीत नाहीत, पण प्रसाद कोणी नाकारत नाही. देवाच्या हातचं कधी कोणाला बाधलं आहे? एका पेढ्याचे दोन झाले, गुरुवारी तीन. भय्यासाहेब पुरी पूजा होईतो बसू लागले, फुलं निवडून देऊ लागले. एकदा त्यांनी घंटा वाजवली, चुकीच्या वेळी, पण वाजवली. बेचाळीस वर्षांच्या संसारात जो माणूस राधाबाईंशी कामापलीकडे चार वाक्यं बोलला नव्हता, तो शेजारी बसून विचारायचा, "आज शेवंती नाही का मिळाली?"

राधाबाई सुखात होत्या. पायाची काळजी होती आणि तरी त्या सुखात होत्या. पेढ्यांचा संशय मनात यायचा, नाही असं नाही. आला की त्या जोरानं चंदन उगाळायला बसत.

लघवीची तपासणी घरात करायची नाही ही राधाबाईंची अट होती, म्हणून ती मागच्या पडवीत, न्हाणीघराच्या भिंतीशी व्हायची. अच्युत शाळेत शास्त्र शिकवायचा. प्रयोगशाळेतून त्यानं निळ्या द्रावणाची बाटली, स्पिरिटचा दिवा आणि काचेच्या नळ्या आणल्या होत्या, आणि शाळेत जाण्यापूर्वी तो हे काम वर्गात उभं असल्यासारखं उरकायचा. भय्यासाहेब पडवीच्या दाराशी आरामखुर्चीत होते. उजवा पाय समोरच्या स्टुलावर, अंगठ्याला पट्टी, मांडीवर वर्तमानपत्र.

"आठ थेंब," अच्युत नळी वर धरून म्हणाला. "हिरवी झाली तर ठीक. पिवळी झाली तर बरं नाही. लाल झाली तर..."

"माहीत आहे आम्हाला," प्रमोदिनी म्हणाली. ती नाकाला पदर लावून उभी होती.

नळी दिव्यावर धरली. निळ्याचं हिरवं झालं, तिथंच थांबावं असं सगळ्यांना वाटलं. ते थांबलं नाही. पिवळं झालं, नारिंगी झालं आणि शेवटी भाजलेल्या विटेच्या रंगाचा गाळ नळीच्या तळाशी बसला.

"लाल," कुंदा हळूच म्हणाली.

भय्यासाहेबांनी पट्टी बांधलेला अंगठा शालीखाली घेतला.

मग प्रमोदिनी बोलली. "दीड महिना पथ्य करून राहिले बाबा, आणि तरी हे? पथ्यातच काहीतरी काळंबेरं आहे. काय काय देतेस गं विनता?"

"सगळं तुमच्यासमोर आहे, ताई. सकाळी ज्वारीची भाकर आणि पालेभाजी, दुपारी ताक, मुगाचं वरण. चार वाजता शिजवलेले जाम. दुसरं काही नाही."

"भाकर आम्ही सगळेच खातो. मग जामच राहिले."

"तपासून बघू की," अच्युत म्हणाला.

विनतेनं नवऱ्याकडे पाहिलं. पण शास्त्र शिकवणाऱ्या माणसाच्या हातात रिकामी नळी असली की त्याला बायकोचा चेहरा दिसत नाही. कुंदा वाटीत रस घेऊन आली. अच्युतनं स्वच्छ नळी घेतली, निळं द्रावण घातलं, जामच्या रसाचे थेंब टाकले, दिव्यावर धरलं. हिरवं, पिवळं, नारिंगी. मघापेक्षा लवकर.

"हे घ्या," प्रमोदिनी म्हणाली.

"मी साखर घातलेली नाही," विनता म्हणाली.

"मी कुठं म्हटलं घातलीस म्हणून? नळी म्हणून राहिली."

"फळात मुळातच थोडी साखर असते," अच्युत जरा ओशाळून म्हणाला. "त्यानं सुद्धा रंग..."

"मग ते फळ दीड महिना बाबांच्या पोटात काहून घातलं?"

याला अच्युतपाशी उत्तर होतं, पण ते पाच मिनिटांचं होतं, आणि त्या घरात पाच मिनिटं सलग त्याला कोणी कधी दिली नव्हती. कुंदानं वहिनीचा हात धरला, मग सोडला. "वहिनी, गलतीसे कधी... म्हणजे चमचा गोड असला असेल? चहाचा?"

रोज सोबत बसून वाटी चाटूनपुसून खाणाऱ्या नणंदेकडून हे आलं ते विनतेला लागलं. ती आत गेली. कनवटीची किल्ली काढून कपाट उघडल्याचा आवाज झाला, आणि ती साखरेचा डबा घेऊन बाहेर आली.

"आता ही घाला," ती अच्युतला म्हणाली. "साखर घातली की लाल किती होतं, ते एकदा सगळ्यांना दिसू दे. मग ठरवा, जाममध्ये काय होतं ते."

"विनता, त्याचा तसा उपयोग..." अच्युतला कॉलेजातलं काहीतरी अर्धवट आठवत होतं.

"घाला."

त्यानं चिमूटभर साखर पाण्यात विरघळवली, नळीत टाकली आणि दिव्यावर धरली. द्रावण निळं होतं. ते उकळलं, निळंच राहिलं. त्यानं आणखी साखर घातली. नळीत दसऱ्याचं आकाश उतरल्यासारखा निळा रंग तसाच राहिला.

"अच्छा!" आरामखुर्चीतून भय्यासाहेब म्हणाले. सकाळपासूनचा त्यांचा तो पहिला शब्द होता. "साखरेनं काहीच होत नाही?"

"नाही, तसं नाही बाबा. बरोबर आहे हे. उसाची साखर या द्रावणाला ओळखू येत नाही, पण पोटात गेली की तिची दुसरी साखर होते, आणि ती मग रक्तात..."

"नळी निळी आहे की नाही?" प्रमोदिनीनं विचारलं.

"आहे, पण..."

"मग झालं. तुझीच नळी, तुझाच दिवा. साखर निर्दोष आणि जाम दोषी. बाबा, दीड महिना तुम्हाला उपाशी ठेवलं, आणि रोग वाढवला त्या गिळगिळीत फोडींनी. मला वाटतच होतं. कुंदा, रवा काढ. आज बाबांना तोंडभर शिरा खाऊ दे."

"ताई, अगं ऐक तरी..."

"तू मास्तर आहेस, डॉक्टर नाहीस. गुरुवारी कोणाकडे जायचं नाही. बुधवारच्या गाडीनं मी बाबांना नागपूरला नेते. आमचे वैद्यबुवा पायाला सुरी लागू द्यायचे नाहीत."

"मग डॉक्टर काहून ओरडून राहिले होते?" भय्यासाहेब स्वतःशीच म्हणाले, पण त्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडला होता. शिरा हा शब्द त्या पडवीत दीड महिन्यानं उच्चारला गेला होता.

विनतेनं पातेलं उचललं. मागच्या दारी गाईचं घमेलं होतं, त्यात तिनं सगळ्या फोडी रसासकट ओतल्या. परत आली तेव्हा तिचा आवाज अगदी सरळ होता.

"रवा भाजून दे म्हणाल तर देते, ताई. पण आजपासून बाबांच्या ताटाला माझा हात लागणार नाही. पाय गेला तर तो विनतेमुळं गेला, असं उद्या कोणी म्हणायला नको."

"विनतेला कोणी काही बोलू नका," भय्यासाहेब म्हणाले. एवढंच म्हणाले, आणि वर्तमानपत्र उघडलं.

राधाबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. त्या नवऱ्याकडे बघत होत्या. त्यांना वाटलं, आता ते सांगतील. तीस वर्षं ज्यानं दुसऱ्यांच्या फायलींत चूक कोणाची ते शोधून काढलं, त्याला ही चूक कळत नसेल असं होणार नाही. भय्यासाहेबांनी एकदा वर पाहिलं, दोघांची नजर भेटली, आणि त्यांनी पान उलटलं.

आतून तुपाचा वास येऊ लागला. कढईत रवा सळसळत होता, प्रमोदिनी कुंदाला वेलदोडे कुटायला सांगत होती. आपण बोललो तर उद्या ते देवघरात येणार नाहीत, हे राधाबाईंना स्वच्छ दिसलं. ते देवासाठी येत नव्हते आणि आपल्यासाठीही येत नव्हते. हे आपल्याला पहिल्या दिवशी कळलं नसेल, पण चौथ्या दिवशी, पेढे मागवले तेव्हा, नक्की कळलं होतं. कळूनही मागवले. त्यांना स्वतःची लाज वाटली आणि पूजेच्या त्या अर्ध्या तासाचा लोभही सुटेना. वेलदोड्याची खलबत्त्यातली ठोक ठोक थांबली. आता साखर पडेल, मग पाणी, मग ताटली बाहेर येईल.

राधाबाई देवघरात गेल्या. फिरकीच्या झाकणाचा पितळी डबा घेऊन बाहेर आल्या आणि तो अच्युतसमोर, न्हाणीच्या भिंतीशी, त्या बाटल्यांच्या रांगेत ठेवला.

"हे घाल नळीत."

अच्युतनं झाकण काढलं. "आई, हा नैवेद्याचा डबा आहे."

"माहीत आहे. घाल."

"प्रसाद आहे हा! इथं, या नळ्यांत..."

"अच्युत, मी सांगते ना. घाल."

त्यानं नखाएवढा पेढा पाण्यात कालवला. नळी दिव्यावर धरली. निळं गेलं, हिरवं आलं न आलं, आणि सकाळच्या पहिल्या नळीत बसला होता तसाच विटेच्या रंगाचा गाळ खाली बसला. त्यानं दोन्ही नळ्या शेजारी धरल्या.

"रोज दोन देते," राधाबाई म्हणाल्या. "मार्गशीर्षापासून. गुरुवारी तीन. जाममध्ये काही नव्हतं. विनतेनं काही केलं नाही. मी केलं."

प्रमोदिनी हातात उलथनं घेऊन दारात आली होती. "आई, तू?"

"मी."

"आणि बाबा, तुम्ही खात होता?"

"प्रसाद होता तो," भय्यासाहेब म्हणाले. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली, परत उलगडली. "प्रसादाला पथ्य नसतं. ही तुझी आईच म्हणाली मला."

राधाबाईंना त्या क्षणी त्यांचा राग आला. बेचाळीस वर्षांत आला नव्हता एवढा आला. "हो, मी म्हणाले. मी अडाणी बाई, मी म्हणाले. आणि तुम्ही शिकलेसवरलेले, साहेबाच्या टेबलाशी उभे राहिलेले, तुम्ही ऐकलंत. मघाशी सुनेवर आळ आला तेव्हा कुठं होतात?"

भय्यासाहेबांनी वर्तमानपत्र मिटून मांडीवर ठेवलं.

"विनता," राधाबाई वळल्या, "माझं चुकलं."

सासूनं सुनेला असं म्हणायची त्या घराण्यात रीत नव्हती, त्यामुळं पुढं काय करायचं ते कोणालाच ठाऊक नव्हतं. विनतेनं वाकून नमस्कार केला असता तर सगळ्यांना बरं वाटलं असतं. ती वाकली नाही.

"चुकलं खरं," ती म्हणाली, आणि मग तिचे डोळे भरून आले. "दीड महिना मला वाटून राहिलं, आई, की माझ्याच हातात खोट आहे. मोजून भाकर वाढायची, आणि सोमवार आला की त्या नळीकडे बघवायचं नाही. बाबांनी शिळ्या पोळीबरोबर गुळासाठी हट्ट केला तेव्हा मी त्यांना नाही म्हटलं. स्वतःच्या वडिलांना मी कधी कशाला नाही म्हटलं नाही. आणि तुम्ही रोज माझ्यासमोरून तो डबा घेऊन जात होतात."

"हो," राधाबाई म्हणाल्या.

कढईतला रवा करपल्याचा वास आला, तशी प्रमोदिनी धावली. कढई खाली उतरवून ती परत आली ती वेगळीच प्रमोदिनी होती. "देवघरात आजपासून पेढा येणार नाही," तिनं जाहीर केलं, "आणि बाबांच्या तोंडात काय जातं ते विनता सोडून कोणी ठरवायचं नाही. मी आधीच म्हणत होते, घरात एकाचंच राज्य पाहिजे." ती असं कधी म्हणाली होती ते कोणाला आठवेना, पण तिला आठवत असावं. खात्री होतीच, फक्त तिनं कूस बदलली होती.

"वहिनी," कुंदा खाली मान घालून म्हणाली, "जाम संपले. मी घेऊन येऊ? गढ्याकडून फळंवाली मालिन येते ना फाटकाशी, तिच्याकडं असतात."

विनतेनं पदरानं डोळे पुसले. "फार पिकलेले आणू नकोस," ती म्हणाली.

दुपारी अच्युत सायकलवर डॉक्टर घोषालांकडे गेला आणि सगळं सांगितलं. डॉक्टर आधी हसले, मग चिडले. शेवटी म्हणाले, "तीन हफ़्ते देता हूँ. घाव रोज दिखाना. और माँजी से कहना, भगवान को भी डायबिटीज़ है."

दुसऱ्या दिवशी सकाळी राधाबाई ओल्या सोवळ्यानं स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. "विनता, नैवेद्याला वाटीभर जाम देशील?"

विनतेनं वळून पाहिलं. "सोवळ्यात केलेले नाहीत."

"चालतील."

विनतेनं वाटी घासून घेतली, चार फोडी काढल्या आणि रसातली लवंग वेचून बाजूला ठेवली. वाटी तिनं राधाबाईंच्या हातात दिली नाही, उंबऱ्यावर ठेवली. सोवळं मोडू नये म्हणून तिनं ती ठेवली की अजून राग होता म्हणून, ते राधाबाईंनी विचारलं नाही.

पूजा अर्धी झाली असेल. काठीचा आवाज देवघराच्या दाराशी येऊन थांबला. राधाबाईंनी मान वळवली नाही, फुलं वाहण्याचा वेग मात्र कमी केला.

"आज काय आहे?" भय्यासाहेबांनी विचारलं.

"जाम."

"बिनसाखरेचे?"

"हो."

काठी उंबऱ्यावर वाजली. "देवाला आवडतात का ते?"

"देव तक्रार करत नाही."

"मग त्यालाच असू देत," भय्यासाहेब म्हणाले. ते रागानं बोलले नव्हते. काठीचा आवाज ओसरीकडं गेला आणि आरामखुर्ची कुरकुरली. त्यानंतरच्या दिवशी ते दाराशीही आले नाहीत. राधाबाईंनी त्यांचा पाट मात्र चार दिवस मांडला, पाचव्या दिवशी भिंतीला उभा करून ठेवला.

तिसऱ्या सोमवारी नळी हिरवी झाली. अच्युतनं ती उजेडात धरून सगळ्यांना दाखवली, आणि त्या दिवशी विनता पहिल्यांदा सासूकडं बघून हसली. जखमेवर कातडी धरू लागली. गुरुवार येत गेले आणि जात गेले, अंगठा जागच्या जागी राहिला. भय्यासाहेबांनी चार वाजताची वाटी तोंड वाकडं न करता खायला सुरुवात केली, एकदा तर आणखी आहे का म्हणून विचारलं. फाल्गुनात डॉक्टरांनी बूट घालायची आणि चालायची परवानगी दिली. सकाळची थंड हवा चांगली म्हणून भय्यासाहेबांनी फिरायला जायची वेळ ठरवली, ती नेमकी पूजेची.

राधाबाई आता पूजा एकट्याच करत. आरतीच्या मध्यावर फाटकाची कडी वाजे आणि रस्त्यावरून दोन्ही बुटांचा आवाज लांब जाऊ लागे, डावा, उजवा, डावा, उजवा. त्या तबक हातात धरून थांबत. तो आवाज ऐकू येईनासा झाला की मग पुढचं कडवं म्हणत.